आर्काइव्ह ऑफ अवर ओन: उसनवारीची सोय आणि टीकेची अडचण

आर्काइव्ह ऑफ अवर ओन, म्हणजे फॅनफिक्शनच्या (आवडत्या कादंबरीतली किंवा मालिकेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या) वाचकांच्या तोंडी असलेले 'एओथ्री', हे संकेतस्थळ मी गेली आठ वर्षे वापरत आहे. त्यांतली पहिली तीन वर्षे केवळ वाचक म्हणून गेली आणि पुढची पाच वाचक व लेखक अशा दोन्ही नात्यांनी. या स्थळाच्या शोधयंत्रणेचे आणि टॅगांच्या व्यवस्थेचे कौतुक पुष्कळ झाले आहे व ते रास्तही आहे, त्यामुळे त्यात मी भर घालणार नाही. मला त्याचे परीक्षण एका वेगळ्या बाजूने करायचे आहे. दुसऱ्या चाहत्या लेखकाची कल्पना उसनी घेताना आणि दुसऱ्याच्या कथेतली उणीव दाखवताना कसे वागावे, हे दोन प्रश्न फॅनफिक्शनच्या जगात रोज उभे राहतात. या दोन्ही बाबतींत हे स्थळ आपल्याला काय पुरवते आणि कोठे आपल्याला आपल्याच विवेकाच्या हवाली करते, एवढेच मी पाहणार आहे. माझे मत आधीच सांगून ठेवते: उसनवारी उघडपणे करता यावी यासाठी इतकी चांगली सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही, मात्र टीकेच्या बाबतीत येथे एक रिकामा चौकोन आहे आणि त्यात काय लिहावे हे कोणीच सांगत नाही.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे, कारण येथल्या शिष्टाचाराचे मूळ तीत आहे. २००७ साली चाहत्यांच्या कथा एकत्र करून त्यांवर नफा कमावण्याचा एक व्यावसायिक उद्योग सुरू झाला, तेव्हा अनेक चाहत्या लेखिकांनी आपल्या मालकीचा, आपण चालवलेला संग्रह असावा अशी मागणी केली. त्याच वर्षी ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये हे स्थळ सर्वांसाठी खुले झाले. येथे जाहिराती नाहीत आणि वर्गणी नाही. सगळा कारभार देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतो, आणि कथेखाली पैसे मागणारा दुवा देण्यासही मनाई आहे. आज येथे एक कोटीहून अधिक कलाकृती आहेत व २०१९ मध्ये या स्थळाला विज्ञानकथा व अद्भुतकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. मात्र माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पैशाचे नसणे. ज्या लेखनाला मानधन नाही आणि जे वाचण्यासाठी कोणी तिकीट काढलेले नाही, तेथे 'मी पैसे मोजले आहेत, म्हणून मला बोलण्याचा हक्क आहे' हा ग्राहकाचा युक्तिवाद मुळातच उभा राहत नाही. 'धर्माचे गाई आणि दात का गे नाही' ही म्हण येथे अनेकांना नियमासारखी वाटते. मला ती अर्धीच पटते, आणि उरलेल्या अर्ध्याविषयी पुढे लिहीन.

आधी उसनवारी. फॅनफिक्शनमध्ये सगळेच उसने असते, मग त्यात आणखी शिष्टाचार कसला, असे बाहेरच्या माणसाला वाटणे साहजिक आहे. आत आल्यावर मात्र ध्यानात येते की सगळेच उसने असल्यामुळे कोणाकडून काय घेतले याविषयीची जाणीव येथे उलट अधिक तीव्र असते. मूळ कादंबरीतली किंवा मालिकेतली पात्रे आणि जग ही सर्वांनी मिळून घेतलेली उसनवारी असते व तिच्याबद्दल चाहते एकमेकांचे देणे लागत नाहीत. त्यानंतर येतो सामाईक साठा, ज्याला ट्रोप म्हणतात. मुक्कामाच्या खोलीत एकच पलंग असणे, जन्माआधीच ठरलेला जोडीदार, सगळी पात्रे एखाद्या कॅफेत कामाला असणारे पर्यायी विश्व, पाच वेळा एक गोष्ट घडते आणि सहाव्या वेळी वेगळी घडते असा आराखडा, हे सारे या साठ्यात मोडते. यांवर कोणाचाही हक्क नाही आणि यांसाठी परवानगी मागणाऱ्या नवख्या लेखकाला लोक हसत नाहीत, पण थोडे चकित जरूर होतात. खरा पेच तिसऱ्या पायरीवर आहे: एखाद्या चाहत्या लेखिकेने स्वतः घडवलेले पात्र, तिने मूळ जगात भरलेला एखादा रिवाज, कथा सांगण्याची तिची एखादी युक्ती. या गोष्टी अजून साठ्यात पडलेल्या नसतात. त्यांच्यावर त्या लेखिकेच्या हाताचे ठसे असतात.

स्थळाचे नियम या तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याचे शब्द श्रेय न देता उचलणे, किंवा एका फॅनडममधली, म्हणजे एका मूळ कलाकृतीच्या चाहत्यांच्या जगातली, कथा घेऊन केवळ पात्रांची नावे बदलून दुसऱ्या फॅनडममध्ये टाकणे, याला येथे वाङ्मयचौर्य मानतात आणि तक्रार आल्यास स्वयंसेवकांची समिती दोन्ही मजकूर ताडून पाहते. मात्र सर्वसाधारण कल्पना सारखी असणे किंवा प्रसंग सारखे असणे म्हणजे चोरी नव्हे, अशी स्थळाची स्पष्ट भूमिका आहे. तसे नसते, तर एकच पलंग असलेल्या पहिल्या कथेच्या लेखकाने बाकीच्या हजारोंना दावा लावला असता. थोडक्यात, नियमभंग न करताही येथे माणूस असभ्य वागू शकतो, आणि नियम जेथे संपतात तेथे शिष्टाचाराचे काम सुरू होते.

या कामासाठी स्थळाने जी सोय केली आहे, तिचे वर्णन थोडे विस्ताराने करावेसे वाटते. नवी कथा प्रकाशित करताना अर्जात एक खूण करण्याची जागा असते: ही कथा दुसऱ्या कलाकृतीचा रीमिक्स, अनुवाद किंवा ध्वनिवाचन आहे, अथवा तिच्यावरून प्रेरित आहे. तेथे मूळ कथेचा पत्ता दिला की आपल्या कथेच्या माथ्यावर मूळ कथा आणि तिची लेखिका यांच्याकडे नेणारा दुवा आपोआप येतो. इकडे मूळ लेखिकेला तिच्या खात्यात ही नोंद दिसते, आणि तिने मंजुरी दिली तर तिच्या कथेच्या शेवटीही 'या कथेवरून प्रेरित' अशा शीर्षकाखाली आपली कथा झळकते. यातला नेमकेपणा पाहण्यासारखा आहे. ऋण मान्य करण्यासाठी घेणाऱ्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. देणाऱ्याच्या दारावर आपली पाटी लावायची असेल तर मात्र तिची संमती हवी. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची वेळ येथे कोणावर येत नाही, कारण भांडे पुढे करण्यासाठीच एक खिडकी ठेवलेली आहे.

मी ती खिडकी पहिल्यांदा वापरली त्याला चार वर्षे झाली. एका लेखिकेच्या कथेत एक दुय्यम पात्र होते, राजवाड्यातला एक नोंदणी करणारा कारकून. मूळ मालिकेत तो जेमतेम दोन प्रसंगांत दिसतो. या लेखिकेने त्याच्या हाती दोन वह्या दिल्या होत्या: एकीत जे घडले ते, आणि दुसरीत जे घडले असे लोकांनी त्याला सांगितले ते. कथा त्या दोन वह्यांच्या नोंदींमधल्या फरकांतून उलगडत होती. मला ती दुसरी वही हवी होती. मनात तिच्यावर बेतलेली एक संपूर्ण वेगळी कथा तयार होती. मी परवानगी मागितली, अकरा दिवसांनी उत्तर आले: खुशाल वापर, फक्त ती दुसरी वही शेवटी कोण वाचते हे उघड करू नकोस, कारण ते मला स्वतःला कधीतरी लिहायचे आहे. मी अट पाळली, प्रेरणेचा दुवा जोडला, तिने मंजूर केला. असा व्यवहार पार पडला की आपल्या कथेखाली आणखी एक भिंत उभी आहे असे वाटते, आणि तो आधार मला पुढे फार उपयोगी पडला.

पण परवानगी मागण्याच्या या प्रक्रियेतच स्थळाची एक मोठी उणीव दिसून येते. एओथ्रीवर खासगी संदेशाची सोय नाही. लेखिकेने आपला दुसरा पत्ता ओळखपानावर दिलेला नसेल, तर तिला काही विचारण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिच्या कथेखालची कमेंट, जी सर्वांना दिसते. म्हणजे प्रश्न चारचौघांत विचारला जातो आणि उत्तरही चारचौघांत द्यावे लागते. कौतुकाने भरलेल्या कमेंटांच्या रांगेत 'तुमचा कारकून मला देता का' असा प्रश्न असताना 'नाही' म्हणणे किती अवघड असेल, याचा विचार मी विचारल्यानंतर केला, विचारण्यापूर्वी करायला हवा होता. आता मी अशा प्रश्नात 'उत्तरच दिले नाहीत तरी मी तो नकारच समजेन' हे वाक्य नेहमी घालते. मौन म्हणजे संमती हा न्याय दुसरीकडे चालत असेल, येथे तो उलटा धरावा. काही लेखिकांनी यावर आपल्या परीने तोडगा काढला आहे: त्या ओळखपानावर सरसकट परवानगीचे निवेदन लिहून ठेवतात, अनुवाद करा, ध्वनिवाचन करा, चित्रे काढा, पुढची कथा लिहा, फक्त दुवा द्या आणि मला कळवा. ध्वनिवाचन करणाऱ्यांचे, म्हणजे पॉडफिक करणाऱ्यांचे, बरेचसे काम अशा निवेदनांवर चालते. मात्र हे निवेदन मोकळ्या मजकुरात असते. ते लिहिण्यासाठी वेगळा रकाना नाही आणि परवानगी असलेल्या कथा तेवढ्या शोधून काढाव्यात अशी सोयही नाही. टॅगांच्या बाबतीत इतके काटेकोर असलेल्या स्थळाने हा एक रकाना का ठेवू नये, हे मला उमगत नाही.

अनुवादाचे एका वाक्यात सांगून टाकते: संपूर्ण कथेचा अनुवाद ही प्रेरणा नसून त्याच कथेचे दुसऱ्या भाषेतले रूप असते, त्यामुळे तेथे परवानगी हा शिष्टाचाराचा नव्हे तर नियमाचा प्रश्न आहे.

याच सोयीचा एक काळा उपयोगही मी पाहिला आहे, आणि उसनवारी व टीका हे दोन प्रश्न तेथे एकमेकांत गुंततात. एखादीला एखाद्या चाहत्या लेखिकेच्या कथेचा शेवट पटत नाही; ती कमेंट न लिहिता नवी कथा लिहिते, तिच्यात तोच प्रसंग 'सुधारून' मांडते आणि वर प्रेरणेचा दुवा जोडते. मूळ लेखिकेच्या खात्यात नोंद येते. तिला वाटते, कोणाला तरी आपली कथा इतकी आवडली. ती उघडून वाचते आणि तिच्या ध्यानात येते की हे कौतुक नसून उत्तर आहे. मूळ मालिकेच्या बाबतीत अशी दुरुस्ती हा फॅनफिक्शनचा जुना आणि मान्य प्रकार आहे, कारण मालिकेचे निर्माते आपल्या शेजारी बसलेले नसतात. शेजारच्या बाकावरच्या लेखिकेच्या बाबतीत मात्र तीच कृती वेगळी होते. रीमिक्सच्या, म्हणजे एकमेकींच्या कथा नव्याने लिहिण्याच्या, देवाणघेवाणीत भाग घेणाऱ्या लेखिका आपल्या कथांचे असे काही होऊ शकते हे आधीच मान्य करून उतरतात, म्हणून तेथे तक्रारीला जागा नसते. त्या रिंगणाबाहेर मी तरी आधी विचारल्याशिवाय असे करणार नाही.

आता टीका. या स्थळावर वाचकाच्या हाती मुख्यतः दोन साधने आहेत. पहिले कुडोज: एक बटण, एका कथेला एका वाचकाचे एकदाच, आणि दिल्यावर परत घेता येत नाही. नापसंतीचे बटण नाही, तारका नाहीत, गुण नाहीत. दुसरे साधन कमेंट: दहा हजार अक्षरांपर्यंतचा एक मोकळा चौकोन. १९९८ पासून चालत आलेल्या फॅनफिक्शन डॉट नेट या जुन्या स्थळावर याच चौकोनाला 'रिव्ह्यू' म्हणतात, आणि माझ्या मते एवढ्या एका शब्दाने वाचकाची बैठक बदलते. परीक्षण लिहा म्हटले की माणूस परीक्षकाच्या खुर्चीत बसतो, गुण-दोष मांडू लागतो. कमेंट करा म्हटले की तो पाहुण्यासारखा बोलतो. छापील फॅनझिनांच्या, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या नियतकालिकांच्या, काळात वाचक टपालाने अभिप्रायाची पत्रे पाठवत, आणि त्या पत्रांत कौतुकाबरोबर बरीच परखड चर्चाही असे. टीका करण्याची परंपरा नसल्यामुळे आज ती होत नाही, असे म्हणणे म्हणूनच चूक ठरेल. 'मेरी सू' हा शब्दही १९७३ साली स्टार ट्रेकच्या एका फॅनझिनमध्ये छापलेल्या विडंबनातून आला; नवख्या लेखिकांच्या कथांतल्या सर्वगुणसंपन्न नायिकेवरची ती टीका होती. पुढे त्याच शब्दाचे असे सोटे झाले की कोणत्याही कर्तबगार स्त्री-पात्राच्या डोक्यात तो घातला जाऊ लागला, आणि अनेकींनी स्त्री-पात्रे लिहिणेच टाळले असे जुन्या मंडळींकडून ऐकायला मिळते. नेमकी टीका सैल हातात गेली की तिचे काय होते, याचे हे उदाहरण मला कायम आठवते.

आजचा प्रचलित संकेत असा आहे की मागितल्याशिवाय टीका करू नये. ज्यांना ती हवी असते ते कथेच्या सुरुवातीच्या टिपेत 'काँक्रिट चालेल' असे लिहितात. विधायक टीकेसाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या दोन शब्दांचे हे लघुरूप आहे. सिमेंटशी त्याचा संबंध नाही, जरी काहींची टीका तशीच अंगावर पडत असली तरी. या संकेताच्या विरोधात जो युक्तिवाद आहे तोही गंभीरपणे घ्यायला हवा. कथा प्रकाशित केली, म्हणजे ती सार्वजनिक झाली. केवळ कौतुकच ऐकायचे असेल तर लेखन सुधारणार कसे. आणि जेथे सगळेच गोड बोलतात तेथे गोड बोलण्याला किंमत काय राहते? म्हण मला अर्धीच पटते असे मी म्हटले ते याचसाठी. वाचकाने पैसे दिलेले नसले तरी वेळ दिलेला असतो, कधी कधी तीन लाख शब्दांच्या कथेला एक अख्खा आठवडा, आणि त्याच्या मनात काही उरले तर ते बोलावेसे वाटण्यात दोष नाही. स्थळाचे धोरणही टीकेच्या विरोधात नाही: कथा वाईट आहे असे म्हणणे एवढ्याने छळ ठरत नाही, छळ म्हणजे व्यक्तीच्या मागे लागणे.

तरीही मी आज संकेताच्या बाजूने आहे, आणि तिकडे मी युक्तिवादाने नव्हे तर स्वतःच्या चुकीने आले. केवळ वाचक होते त्या काळात एका अपूर्ण, चालू कथेच्या पाचव्या प्रकरणाखाली मी एक कमेंट लिहिली, जी दहा हजार अक्षरांत मावेना म्हणून दोन भागांत टाकावी लागली. कालक्रमातल्या तीन विसंगती, नायकाच्या बोलण्यात अचानक आलेला उपदेशाचा सूर, दुसऱ्या प्रकरणात पेरलेल्या पत्राचा पडलेला विसर, सारे मुद्दे प्रकरणवार मांडले होते. लेखिकेचे दोन ओळींचे आभार आले आणि सहावे प्रकरण कधीच आले नाही. माझ्यामुळेच आले नाही असे मी म्हणणार नाही. लोक परीक्षांमुळे, आजारपणामुळे, कंटाळ्यामुळेही थांबतात. मात्र ती कमेंट आज वाचताना मला दिसते की तिच्यातले निम्मे मुद्दे बरोबर होते आणि तरीही ती लिहायला नको होती. कथा अजून घडत होती. पत्राचा विसर पडला की ते नवव्या प्रकरणासाठी राखून ठेवले होते, हे मला ठाऊक असणे शक्य नव्हते. शिवाय हे सगळे मी तिच्या इतर वाचकांसमोर केले, आणि तिने मागितलेले नसताना. चालू कथेवर रचनेची टीका करणे म्हणजे अर्ध्या बांधकामात शिरून छत गळते असे सांगणे आहे.

टीका करायची झाल्यास काय चालते, याविषयी माझी काही मते बनली आहेत. एखाद्या पात्राच्या नावाचे लेखन चुकले असेल किंवा एकच परिच्छेद दोनदा चिकटवला गेला असेल, तर ते एका ओळीत आणि शक्यतो कौतुकाच्या शेवटी सांगितल्यास बहुतेक लेखिकांना राग येत नाही. जोडी आवडली नाही, शेवट दुःखी का केला, हे पात्र असे वागणारच नाही, ही टीका नसून नाराजी आहे. आणि कथेत काय आहे हे टॅग आधीच सांगत असताना 'आवडत नसेल तर वाचू नका' हे जुने उत्तर तिला पुरेसे आहे. ज्याने टीका मागितली आहे त्यालाही ती देताना मी एकच मुद्दा निवडते, आणि कथेला जे साधायचे आहे त्याच्या आड तो येतो का हे पाहते. मला कशी कथा आवडली असती हे तेथे गौण असते. शक्य असेल तेथे निर्णय देण्याऐवजी प्रश्न विचारते: 'तिसऱ्या प्रसंगात तिला हे आधीच कळले आहे असे मी समजले, तसेच अपेक्षित होते का?' अशा प्रश्नाला उत्तर देता येते, आणि चूक माझ्या वाचनात असेल तर तीही उघड होते. 'पुढचे प्रकरण कधी?' या कमेंटला मात्र मी टीकेपेक्षाही उद्धट मानते, मग तिच्यापुढे कितीही बदाम काढलेले असोत.

बुकमार्कच्या टिपांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वाचक आपल्या आठवणीसाठी कथा बुकमार्क करतो आणि सोबत 'मधला भाग कंटाळवाणा, शेवट बरा' असे लिहून ठेवतो. बुकमार्क खासगी ठेवण्याची सोय आहे, पण तशी खूण केली नाही तर ती टीप लेखिकेसह सर्वांना दिसते. यातून दुखावलेल्या अनेकजणी मला ठाऊक आहेत, आणि लिहिणाऱ्याच्या मनात दुखावण्याचा हेतू बहुधा नसतोच. स्वतःशी बोलायचे असेल तर दार लोटून घ्यावे.

टीकेची खरी जागा प्रकाशनापूर्वी आहे आणि ती बीटा रीडरकडे असते. कथा कोणी वाचण्याआधी एक विश्वासू माणूस ती वाचतो, आणि काय पाहायचे हे दोघांनी आधी ठरवलेले असते: केवळ व्याकरण, पात्रांची बोली, कालक्रम, की सगळेच. माझी बीटा माझ्या वाक्यांवर इतकी निर्दय आहे की तिच्यासमोर माझी ती दोन भागांची कमेंट बाळबोध वाटेल. पण ती वाक्य बदलत नाही, ते कोठे लंगडते तेवढे दाखवते, आणि तिची सूचना नाकारण्याचा माझा हक्क तिने कधी प्रश्नात आणलेला नाही. कथेच्या टिपेत तिचे आभार मानून 'उरलेल्या चुका माझ्या' असे लिहिण्याची पद्धत आहे, आणि ती मला आवडते. एओथ्री या संपूर्ण व्यवहाराबाबत गप्प आहे. बीटा मिळवून देण्याची काहीही व्यवस्था तेथे नाही, ती बाहेरच करावी लागते. नवख्या लेखकाला बाहेर ओळखी नसतात, आणि मग तो कमेंटच्या चौकोनात टीका मागतो व त्याला एक तर काहीच मिळत नाही किंवा माझ्यासारखी कोणी तरी भेटते.

लेखकाच्या संरक्षणासाठी मात्र हत्यारे भरपूर आहेत. कमेंट आधी आपल्याकडे येऊन मंजुरीनंतरच दिसेल अशी व्यवस्था करता येते, अनोळखी पाहुण्यांना मज्जाव करता येतो, कमेंट पूर्ण बंद ठेवता येतात, एखादी चर्चा गोठवता येते, कमेंट काढून टाकता येते, आणि अलीकडच्या काही वर्षांत एखाद्या सदस्याला रोखण्याची सोयही आली आहे. म्हणजे 'टीका नको' हे म्हणण्याची यंत्रणा पक्की आहे; 'टीका हवी, आणि या प्रकारची हवी' हे म्हणण्याची यंत्रणाच नाही. टीका चालेल असा टॅग लावता येतो, पण तो पात्रे, जोड्या आणि इशारे यांच्या गर्दीत हरवतो. कमेंटच्या चौकोनाच्या अगदी वर लेखिकेने निवडलेली एक ओळ दिसावी, जसे 'फक्त गप्पा', 'चुका दाखवा', 'सविस्तर टीका स्वागतार्ह', एवढे झाले तरी निम्मे गैरसमज टळतील. यावर माझी बीटा म्हणते की मनःस्थिती प्रकरणागणिक बदलते आणि एकदा केलेली खूण लोक कायमची संमती समजतील. तिचे म्हणणे खोडून काढता आलेले नाही, तरी मला ती ओळ हवीच आहे.

नव्या सदस्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी: खाते उघडण्यासाठी निमंत्रणाच्या रांगेत नाव नोंदवून थांबावे लागते, आणि स्थळाचे अधिकृत मोबाइल अॅप नाही, त्यामुळे या नावाने कोणी अॅप विकत असेल तर ते त्यांचे नव्हे. वाचायला आणि कुडोज द्यायला खाते लागत नाही.

शेवटी त्या दोन वह्यांकडे येते. लेखिकेला आपली कथा स्थळावर ठेवून तिच्यावरचे स्वतःचे नाव कायमचे काढून टाकता येते. अशी कथा 'ऑर्फन अकाउंट' या सामाईक नावाखाली जाते. गेल्या वर्षी कारकुनाच्या त्या मूळ कथेचे तेच झाले. माझ्या कथेच्या माथ्यावरचा दुवा अजून आहे, पण जिच्याकडे बोट दाखवायचे ती आता तेथे नाही, आणि जे तिला कधीतरी लिहायचे होते ते तिने लिहिलेले नाही. या महिन्यात माझ्या खात्यात प्रेरणेची एक नवी नोंद आली. एका तरुण लेखकाने माझ्या कथेवरून कथा लिहिली आहे, रीतसर दुवा जोडला आहे, टिपेत माझे आभार मानले आहेत, आणि शेवटच्या प्रसंगात दुसरी वही कोण वाचते हे उघड केले आहे. त्याचा काहीच दोष नाही. ती अट माझ्या आणि त्या लेखिकेच्या मधली होती; मी ती माझ्या कथेच्या टिपेत कधी लिहिली नव्हती, कारण तिची गरज दुसऱ्या कोणाला पडेल असे मला वाटले नव्हते. त्याचा शेवट चांगला आहे, मला सुचला असता त्याहून चांगला. कुडोज मी वाचून संपताक्षणीच दिले, ते आता परत घेता येणार नाहीत. मंजुरीचे बटण नऊ दिवसांपासून तसेच आहे.